सांधा जुळला, पण वाकतो का?

बोट मोडलं की पहिला सल्ला मिळतो, "हलवू नको." हाड मधेच मोडलं असेल तर तो बहुतेकदा बरोबर असतो. पण मोड सांध्यात गेला असेल, तर बोट सहा आठवडे बांधून ठेवण्याची किंमत मोठी असते. हाड जुळतं आणि सांधा आखडतो.

माझा धाकटा भाऊ सिंदीत शिवणकाम करतो. क्रिकेट खेळताना चेंडू त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकावर आदळला. मधल्या सांध्याचे तुकडे झाले. कात्री धरायचं तेच बोट. आम्ही गाडीनं वर्ध्याला गेलो. डॉक्टरांनी सांध्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन आडव्या तारा घातल्या, दोन्ही बाजूंना रबर लावले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आता हळूहळू वाकवा." अम्मी घाबरली. तुटलेलं बोट वाकवायचं?

युक्ती साधी आहे. रबराच्या ताणानं बोट लांबीत ओढलं जातं, सांध्याभोवतीचे अस्थिबंध ताणले जातात आणि तुकडे जागेकडे सरकतात. वरची तार सांधा जिथं फिरतो त्याच आसावर असते, म्हणून ताण कायम राहूनही बोट वाकतं. तारा आणि रबरांची अशी पद्धत जपानच्या सुझुकी यांनी १९९४ मध्ये मांडली. आपल्या मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनीही तारा आणि सळ्यांची स्वस्त, हलकी चौकट तयार केली. 'जेस' नावानं ती देशभर वापरली जाते.

हालचाल हवी, कारण सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि हालचालीनं तो द्रव सगळीकडे पोचतो. कॅनडाच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की हलत्या सांध्याची कूर्चा जास्त चांगली भरून येते.

अम्मीनंच मग वेळ ठरवून दिली: पाचही नमाजांनंतर, तस्बीहसोबत व्यायाम. भाऊ पेरांवर मोजायचा आणि दुखरं बोट आलं की डोळे मिटून वाकवायचा. तारांभोवतीची जागा रोज स्वच्छ करणं माझ्याकडे होतं. पाच आठवड्यांनी तारा निघाल्या.

बोट पूर्ण सरळ होत नाही, थंडीत ठणकतं. पण मूठ मिटते, कात्री चालते. ईदच्या आधी त्यानं रात्रभर जागून कपडे शिवले.

म्हणून सांगतो, सुजलेलं बोट कुणाकडून ओढून बसवून घेऊ नका. पहिल्या एक-दोन दिवसांतच एक्स-रे काढा, समोरून आणि बाजूनं. आणि डॉक्टरांना आवर्जून विचारा, "हाड जुळेल, पण बोट वाकेल का?"