रुसला नव्हता तो!

ऑनसाइटसाठी टोकियोला आलो आणि एकटेपणावर उपाय म्हणून इमोरी पाळला. इमोरी म्हणजे जपानी न्यूट. दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या गोतातला. पाठ काळी, पोट लालभडक.

ऑगस्टमध्ये, ऐन डेडलाइनच्या आठवड्यात साहेबांनी जेवण सोडलं. सारखा पाण्याबाहेर, दगडावर. मला वाटलं, रुसलाय! चौथ्या दिवशी पायावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. थर्मामीटर बुडवला. पाणी २९ अंश! त्याला मानवतं २० अंशांच्या आसपासचं. आणि मी बिल वाचवायला एसी बंद करून ऑफिस गाठत होतो.

माशांचं औषध ओतणारच होतो. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवरच थांबवलं. याची कातडी पाण्यातलं औषध शोषून घेते, भलतंसलतं टाकलं की जिवावर बेतू शकतं. मग वेगळा डबा, क्लोरीन काढलेलं गार पाणी, तेही रोज बदलायचं आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध अगदी मोजून.

नवव्या दिवशी त्याने गांडूळ गिळलं. मी चक्क पुण्याला आईला फोन लावला. ती म्हणाली, ''तो जेवला, बरं झालं. तू जेवलास का?''

घड्याळात रात्रीचे अकरा. मी नव्हतो जेवलो.