पाटीवरील धूर

आजोबांच्या ७५ व्या वाढदिवसास त्यांच्या नांवाची पाटी लेसर किरणांनीं सागाच्या फळीवर कोरून द्यावी, असें मीं योजिलें. अक्षरें सुबक उठलीं. परंतु प्रत्येकाभोंवतीं धुराचा पिंगट डाग पसरला. लांकूड जळतांना निघणारा डांबरासारखा चिकट अंश आसपासच्या थंड पृष्ठभागावर बसतो, हें तेव्हां मला कोठें ठाऊक! ओल्या फडक्यानें पुसूं गेलों, तों काजळी लांकडाच्या रेषांत अधिकच मुरली. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनें घांसलें. डाग गेले, पण उथळ कोरलेलें 'श्री' हें अक्षरही त्यांबरोबर झिजून गेलें. त्या रात्रीं मला जेवण गेलें नाहीं.

दुसऱ्या फळीवर आधींच कागदी चिकटपट्टी घट्ट दाबून बसविली, यंत्राची हवेची फुंकर चालू ठेविली आणि पट्टीसकटच कोरलें. धूर पट्टीवर बसला. अक्षरांच्या पोटांत अडकलेले कागदाचे कपटे सुईनें काढतां काढतां संध्याकाळ झाली. काम कंटाळवाणें खरें. कडेची उरलीसुरली छटा, फळी यंत्रापासून दूर नेऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेल्या कापसाच्या बोळ्यानें हलकेंच टिपली.

आजोबांनीं दोन्ही पाट्या मागून घेतल्या. नवी दारावर आहे; 'श्री' हरवलेली त्यांच्या मेजावर.