चूल धरेपर्यंतच

उबेला वीज किती लागते, हा हिशेब मराठी शिकवताना कधी करावा लागला नाही. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघे लेकीकडे, अमेरिकेत कोलोरॅडोला होतो. डोंगरात तंबूत राहायचे ठरले, म्हणून जावईबापूंनी डिझेलचा हीटर आणला. ऊब डिझेलची, पण पेटवायला, पंख्याला आणि पंपाला १२ व्होल्टची बॅटरी. ती रात्रभर पुरेल का? हिची सांधेदुखी पाहता माझ्यासाठी हा प्रश्न मोठा होता.

निघण्याआधी आम्ही घरामागे मीटर लावून मोजलेच. पहिली पाच मिनिटे १० अँपिअर, मग मंद आचेवर दीड. म्हणजे नऊ तासांना सुमारे सव्वाचौदा अँपिअर-तास. बॅटरी १०० ची. लेड-अ‍ॅसिड असल्याने निम्मीच वापरायची, तरी तीन रात्री निघतात. गंमत म्हणजे एका पेटवणीच्या विजेत तो अर्धा तास चालतो! तेव्हा सारखा बंद-चालू करण्यापेक्षा मंद ठेवावा. आपली चूलही धरेपर्यंतच फुंकर मागते.

धूर नळीने तंबूबाहेर सोडला होता. तरी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा अलार्म उशाशी ठेवला.

पहाटे ही म्हणाली, "आज गुडघे गप्प आहेत." मंडळी, मला एवढाच आकडा हवा होता.