आवडीची यादी

गेल्या दिवाळींत, भाऊबीजेच्या रात्रीं, आमच्या घरांत एक खेळ निघाला. सदाशिव पेठेंतला आमचा जुना वाडा जाऊन तेथें आतां इमारत उभी आहे. पण आम्ही तिघे भाऊ एकाच जिन्यावर राहतों आणि सणावारीं पंगत एकच बसते, म्हणून एकत्र कुटुंब म्हणवून घ्यावयास हरकत नसावी. जेवणें आटोपल्यावर माझ्या नातवानें प्रत्येकाच्या हातीं एकेक चिठ्ठी दिली आणि फर्मावलें कीं, आपल्याला सर्वांत आवडणारे पांच चित्रपट व पांच गाणीं लिहावयाचीं. खालीं नांव घालावयाचें नाहीं. चिठ्ठ्या तो मोठ्यानें वाचणार, आणि कोणती कोणाची हें इतरांनीं ओळखावयाचें.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. कॉलेजाची पायरी चढलों नाहीं. पाठशाळेंत संस्कृत शिकलों व पुढें तेंच शाळेंत शिकविलें. याद्या करण्याची हौस आमच्या पंडितांना काय कमी होती? कवींची गणना करितांना करंगळीवर कालिदासाचें नांव घेतलें आणि त्याच्या तोडीचा दुसरा न सांपडल्यामुळें शेजारच्या बोटाचें ‘अनामिका’ हें नांव सार्थ झालें, ही चमत्कृति मीं कितीतरी वर्गांना सांगितली आहे. काव्यांत नाटक, नाटकांत शाकुंतल, शाकुंतलांत चौथा अंक आणि त्यांतलेहि चारच श्लोक, अशी निवड करणारा रसिकहि आमच्यांतच होऊन गेला. तेव्हां या खेळांत आपण मागें पडणार नाहीं, अशा खात्रीनें मीं चष्मा पुसला.

चित्रपटांत पहिला मान ‘संत तुकारामा’ला दिला. दामले व फत्तेलाल यांचा हा प्रभातचा बोलपट सन १९३६ चा. पुढच्याच वर्षीं व्हेनिसला त्याचा गौरव झाला. त्याखालीं ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१) आणि राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळविणारी ‘श्यामची आई’ (१९५३). गाण्यांत ‘सौभद्र’, ‘मानापमान’ व ‘स्वयंवर’ यांतलें एकेक पद, ‘गीतरामायणां’तलें एक गीत आणि पंडित भीमसेन जोशी यांचा एक अभंग.

नातवानें पहिलीं दोन नांवें वाचलीं मात्र, सारें घर एकदम “आजोबा!” म्हणून ओरडलें. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, ही यादी आवडीची आहे कीं अभ्यासक्रमाची?” आणि नातवानें हिशेब करून दाखविला कीं, यांतला एकहि चित्रपट माझ्या जन्मानंतरचा नाहीं. मीहि सर्वांबरोबर हंसलों. पण हंसतांना थोडेंसें टोंचलें.

नंतर एक चिठ्ठी निघाली, ती मात्र कोणालाच ओळखेना. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘गाईड’ (१९६५), ‘पिंजरा’ (१९७२), ‘अभिमान’ (१९७३) आणि शेवटीं ‘संत तुकाराम’. पण त्यापुढें कंसांत दोनच शब्द: ‘जिजाईच्यासाठीं’. गाण्यांत सुलोचना चव्हाण यांच्या दोन लावण्या आणि तीन हिंदी गीतें. मीं निःशंकपणें धाकट्या भावजयीचें नांव घेतलें. इतरांनीं सुनेचें घेतलें, कोणी पुतणीचें. सगळीं नांवें संपल्यावर पानाचें तबक आवरीत आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, “माझी आहे ती.”

चाळीस वर्षांचा संसार! हिला भाजींत गूळ किती लागतो तें मला ठाऊक आहे. हिच्या कानांत कोणतें गाणें बसलें आहे तें ठाऊक नव्हतें.

त्या रात्रीं तिनें ट्रंकेच्या तळची एक वही काढून दाखविली. रेडिओ सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ सन १९५२ च्या डिसेंबरांत सुरू झाली, हें वाचकांतील वडीलधार्‍यांना सांगावयास नकोच. बुधवारीं रात्रीं आठ वाजतां अमीन सयानी यांचा आवाज लागला कीं घरोघर माणसें रेडिओभोंवतीं जमत. सयानी सन २०२४ मध्यें निवर्तले; तो आवाज अजून अनेकांच्या कानांत आहे. माहेरीं असतां ही दर बुधवारीं कोणतें गीत कितव्या पायदानावर चढलें वा उतरलें तें वहींत टिपून ठेवी, आणि बाजूस स्वतःचा क्रम लाल शाईनें लिही. शेवटची नोंद आमच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यांतली होती.

“पुढें कां नाहीं लिहिलेंस?” मीं विचारलें.

“अहो, लग्नानंतर एका बुधवारीं मीं रेडिओ लावला होता. तुम्ही वह्या तपाशीत बसलां होतां. मान वर करून एवढेंच म्हणालांत, ‘हें तुला आवडतें?’ मग मीं खुंटी फिरविली.”

मला तो प्रसंग आठवत नाहीं. मीं रागावलों नव्हतों, बंदी घातली नव्हती. म्हणूनच इतकीं वर्षें आपण कांहीं केलें असें मला कधीं वाटलें नाहीं. परंतु मास्तरांच्या एका प्रश्नानें उभें राहिलेलें मूल खालीं बसतें, हें मला माहीत असावयास पाहिजे होतें.

रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत इंदुमती अंगदेशच्या राजाला ओलांडून पुढें जाते. तेथें कालिदास सांगतो कीं, तो राजा रमणीय नव्हता असें नाहीं, आणि तिला पारख नव्हती असेंहि नाहीं. लोकांची रुचिच भिन्न असते. हा श्लोक मीं वर्षानुवर्षें शिकविला. शब्दार्थ, अन्वय, समास सर्व सांगितलें. फक्त घरीं त्याचा उपयोग केला नाहीं. 

याचा अर्थ सगळें सारखेंच, असें मी म्हणत नाहीं. बालगंधर्वांच्या पदापुढें एखादें चटकदार चित्रपटगीत ठेवून दोन्हींना समान गुण द्यावयास मी अजूनहि तयार नाहीं. परंतु कठोपनिषदांत यमानें नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय हीं दोन वेगळीं सांगितलीं आहेत. नातवानें विचारलें होतें प्रेय. मीं उत्तरांत श्रेय लिहून आणलें, आणि तेंहि पूर्वसूरींचें. शिवाय ज्या नाट्यपदांना आपण आज सोंवळें नेसवून बसविलें आहे, त्यांचाहि वंश पाहावा. सन १९११ च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंबे यांनीं ज्या चाली दिल्या, त्यांतल्या कित्येकांचें मूळ उत्तरेकडील ठुमरी-दादर्‍यांत आहे. कोठीवरचें गाणें आमच्या माजघरांत आलें तें असें. मग लावणीला दारांतच कां अडवावें?

आणि तो जिजाईचा कंस! ‘संत तुकाराम’ मीं अनेकदां पाहिला, तो विष्णुपंत पागनिसांच्या मुद्रेवरच्या भक्तीसाठीं. विमान वैकुंठास जातें तेव्हां मागें उरणार्‍या त्या तोंडाळ, कष्टाळू बाईचें काय झालें असेल, हें माझ्या मनांतहि आलें नव्हतें. एकच चित्रपट दोन्ही याद्यांत होता. पण आम्हीं दोघांनीं पाहिलेले चित्रपट दोन होते.

पुढच्या आठवड्यांत तिच्याबरोबर ‘पिंजरा’ पाहिला. डॉ. श्रीराम लागूंनीं उभा केलेला तो आदर्श मास्तर पाहून मी जरा अस्वस्थच झालों, हें कबूल करतों.

हल्लीं बुधवारीं रात्रीं आठ वाजतां नातू हातांतल्या यंत्रावर गाणीं लावून देतो. ही वही उघडून पायदान सांगते, आणि मी ऐकतों. तपासावयास वह्या आतां उरलेल्या नाहींत. परवां एका गीतानंतर हिनें विचारलें, “आवडलें का?”

मीं म्हटलें, “अजून नाहीं. पुन्हां एकदां लाव.”