पुढे चला

आषाढी उलटून आठवडा झाला. गाव जरा मोकळं झालंय, म्हणून काल माडीवर लॅपटॉप घेऊन बसले. काम यात्रेकरूंसाठीच्या एका अ‍ॅपचं: बटणांवरचे, सूचनांचे शब्द लिहायचे. फिग्मात इंग्रजीच्या मापानं आखलेल्या चौकटीत ‘दर्शन’ टाकलं, तर रफारच कापला गेला. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता फॉन्ट लावला, ओळीची उंची वाढवली, तेव्हा कुठे शब्दानं डोकं वर काढलं. लिहिणाऱ्याला एवढं डिझाइन यायलाच हवं. नाहीतर दर वेळी डिझायनरची मनधरणी.

‘नेक्स्ट’ला मी ‘पुढे चला’ लिहिलं होतं. प्रोटोटाइप फोनवर उघडून आत्याच्या हातात दिला. ती खुदकन हसली. ‘अगं, हे तर रांगेतलं. विठोबाला डोळे भरून बघायच्या आत ऐकू येतं!’

मग तिचं बोट ‘दर्शनाचा प्रकार’वर थांबलं. मुखदर्शन लांबून, पदस्पर्श म्हणजे पायांवर डोकं. तिला ठाऊक; पण पहिल्यांदाच येणाऱ्याला? दोन्हींखाली एकेक ओळ घातली.

बटणावर आता नुसतं ‘पुढे’ आहे. ‘सबमिट’ मात्र अजून तसंच. ‘पाठवा’ करून पाहिलं, तर आत्या विचारते, ‘कुणाला?’