चार्जरची वायर

रात्रीचे अकरा, हनुमान रोड. आमच्या सशाने, कापश्याने, चार्जरची वायर कुरतडली. बटण बंद होतं, नशीब! पण रबराचा बोटभर तुकडा कुठेच सापडेना. आई म्हणाली, "मीठपाणी पाज, ओकून टाकेल." मी तिचा हात धरला. सशाला उलटी करताच येत नाही गं. गिळलेलं पुढे सरकतं, नाहीतर अडकतं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सुकं गवत, पाणी समोर ठेवा, लेंड्या मोजा. खाणं थांबलं, पोट टणक लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. परळचं बाई साकरबाई पेटिट जनावरांचं रुग्णालय आठवलं. त्याला न्यायची टोपली दाराशी ठेवली. पहाटे चारला गवत चावल्याचा कुरकुर आवाज आला. मी रडले. मग पुन्हा लेंड्या मोजायला बसले.