गाव, टाऊन आणि सिटी

इंग्लंडमधल्या रेडिंगची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात. विद्यापीठ आहे, मोठं रेल्वे स्थानक आहे, जलद गाडी अर्ध्या तासात लंडनला पोचवते. मराठीत मी त्याला शहरच म्हणते. इंग्रजीत मात्र ते ‘सिटी’ नाही, ‘टाऊन’ आहे. ब्रिटनमध्ये ‘सिटी’ हा मान राजसत्तेकडून मिळतो. पूर्वी तो बहुधा कॅथेड्रलच्या गावांना मिळे. 1889 मध्ये बर्मिंगहॅम कॅथेड्रल नसतानाही सिटी झालं. वेल्समधल्या सेंट डेव्हिड्सची वस्ती दोन हजारही नाही, तरी 1994 पासून ते सिटी आहे. रेडिंगने 2022 मध्येही अर्ज केला होता. त्या वर्षी मिल्टन कीन्ससह आठ ठिकाणांना मान मिळाला, रेडिंगला नाही.

म्हणून व्हिलेज, टाऊन, सिटी ही नुसती आकाराची चढण नाही. ‘हॅम्लेट’ म्हणजे जुन्या रूढीप्रमाणे स्वतःचं चर्च नसलेली वस्ती. आपला पाडा त्याच्या जवळचा. रोजच्या बोलण्यात ‘टाऊनमध्ये जाते’ म्हणजे बाजारपेठेत जाते. मुंबईच्या उपनगरातली माणसं दक्षिण मुंबईला ‘टाऊन’ म्हणतात, त्यातही मध्यवर्ती भाग हाच अर्थ आहे.

मग वसईजवळच्या माझ्या गावाला, गोखिवऱ्याला, काय म्हणावं? ‘व्हिलेज’ म्हटलं की माझ्या इंग्लंडमधल्या शेजाऱ्यांना चर्च, पब आणि भोवतीची शेतं दिसतात. कारखान्यांचे गाळे, इमारतींच्या रांगा आणि मागे तुंगारेश्वरचा डोंगर त्या शब्दात मावत नाही. 2001 च्या जनगणनेत गोखिवरे ‘सेन्सस टाऊन’ होतं. पाच हजारांवर वस्ती, दाट लोकवस्ती आणि निदान पाऊण हिस्सा पुरुष कामगार शेतीबाहेर, असा तो निकष; कारभार मात्र ग्रामपंचायतीचा असू शकतो. 2009 मध्ये चार नगरपालिका आणि 53 ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली आणि गोखिवरे महानगरात आलं.

इंग्रजीत मी आता ‘होमटाऊन’ म्हणते. वस्तीचं रूप आणि आपलं नातं, दोन्ही त्यात येतात. घरी मुलांशी बोलताना मात्र ‘आपलं गाव’च म्हणते. पुण्यात जन्मलेला माणूसही ‘माझं गाव पुणे’ म्हणतो, कारण मराठीत गाव वस्तीच्या आकारावर ठरत नाही. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना हा शब्द याच पूर्ण अर्थाने मिळायला हवा.